पुलाखालचे मराठी आकडे

नाना कुंभोजकरांनी माझा सौदा मोडला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही बरं लिहिलं तर कोणी मला भाबडा समजू नये. एकाहत्तर साली मी न्यू जर्सीत आलो, आठ वर्षं मशीन शॉपमध्ये लेथवर उभा राहिलो आणि मग एडिसनला ओक ट्री रोडवर स्वतःचं किराण्याचं दुकान काढलं. तेव्हा त्या रस्त्यावर आपली दुकानं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी होती. भाव करण्यात मला हरवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. नानांनीही मला हरवलं नाही. ते भाव करायला बसलेच नाहीत, आणि तेच मला आजही झोंबतं.

नाना पाटबंधारे खात्यातले. सातारा-सांगलीकडच्या कालव्यांवर छत्तीस वर्षं काढून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर त्यांची मुलगी वृंदा त्यांना त्र्याऐंशी साली इकडे घेऊन आली. वृंदा एका रिसर्च लॅबमध्ये होती आणि वेस्ट विंडसरच्या पुढे, बटाट्याची शेतं मोडून नव्या घरांची कॉलनी झाली होती, तिथे राहायची. माझंही घर त्याच कॉलनीत, चार घरं सोडून. कॉलनीच्या मागून एक नदी वाहते. नकाशात ती नदी आहे म्हणून नदी म्हणायचं, आपल्याकडे तिला ओढाच म्हटलं असतं. नाव लिटल सॉरेल.

नाना आले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्या नदीवर हजर झाले. डोक्याला माकडटोपी, पायात कॅनव्हासचे बूट, अंगात वृंदानं टाकून दिलेलं गुलाबी स्की जॅकेट. हातात छत्री, आणि छत्रीच्या दांड्यावर चाकूनं पाडलेल्या इंचाच्या खुणा. छत्री ते उघडत नसत, पाऊस आला तरी. ती पाण्यात बुडवायची होती. काखेत लाल कापडी बांधणीची लांबट वही, असल्या चार वह्या त्यांनी कराडहून बरोबर आणल्या होत्या. लोणची-पापड आणले नाहीत, वह्या आणल्या, असं वृंदा कौतुकानं म्हणायची की वैतागून, ते मला कधी कळलं नाही.

त्यांचं एक वाक्य होतं. तुम्ही काहीही मत दिलंत की ते विचारायचे, "बघून आलात का?" कॉलनीतल्या जेवणात कोणी रेगनवर बोललं, कोणी न्यूयॉर्कच्या गुन्हेगारीवर बोललं, की कोपऱ्यातून प्रश्न यायचा. माणूस ताटातला भात कालवू लागायचा. मग नाना शांतपणे म्हणायचे, "आधी बघून या." पोरांनी त्यांची नक्कल सुरू केली होती. आया ओरडल्या की पोरं म्हणायची, "मॉम, बघून आलात का?" तेवढंच मराठी त्यांना येत होतं.

दुकानातही तेच. शनिवारी वृंदाबरोबर यायचे आणि भाजीपाशी उभे राहायचे.

"काय शेठ, भेंडी कधीची?"

"कालची, नाना. एकदम ताजी."

"ही मंगळवारची आहे." देठ मोडून दाखवायचे. "काल आली असं लिहून ठेवलंय का कुठे?"

"भेंडीची नोंद कोण ठेवतं?"

"म्हणून तर तुम्हाला कालची वाटते."

गिऱ्हाइकं हसायची. मी चिडायचो. पण पुढच्या आठवड्यापासून मी पेट्यांवर वार लिहायला लागलो, हेही खरं.

नदीच्या उगमापासून तोंडापर्यंत नाना पहिल्याच महिन्यात चालून आले. वृंदा घाबरली होती, कारण इथे लोकांच्या जमिनीतून कोणी असं चालत नाही. नदी निघते एका गवताच्या शेतामागच्या डबक्यातून, पीचच्या बागेच्या कडेनं उतरते, एका पडक्या पाणचक्कीचे दगड ओलांडते, मग एका सखल कुरणात आळोखेपिळोखे देत दोन मोठी वाकणं घेते, दगडी पुलाखालून जाते, पुढे हायवेखालच्या नळातून निघून मोठ्या नदीला मिळते. एवढीच. पुलाच्या पलीकडे एका बाजूला सात-आठ जुनी घरं आणि त्यातलं पहिलं मिसेस हॅडलींचं.

या बाई तेव्हा ऐंशीच्या घरात. सबंध आयुष्य त्याच घरात काढलेल्या. त्यांच्या खापर-खापरपणजोबांनी इंग्लंडहून येऊन ती पाणचक्की बांधली आणि आपल्या गावाच्या मागून वाहणाऱ्या छोट्या नदीचं नाव हिला दिलं. ती मूळची सॉरेल बाईंनी कधी पाहिली नव्हती. पण घरात तिचं एक वर्णन पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं: काठाला वाळुंजाची झाडं, तळाला पांढरी खडी, आणि इतकं स्वच्छ पाणी की घोडा प्यायला थांबला तर त्याला स्वतःचे दात दिसावेत. नानांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. वर लिहिलं, "ऐकीव." बाईंना मी त्याचा अर्थ सांगितला तर त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे. मी बघून आलेले नाही."

दोघांचं जमलं. नानांचं इंग्रजी खात्यातलं होतं, अर्जासारखं. "मॅडम, काइंडली इन्फॉर्म, वॉटर केम अप टू विच स्टेप?" आणि बाई खरंच पायरी दाखवायच्या, की कुठल्या वर्षी पाणी कुठल्या पायरीला लागलं. घराला सहा पायऱ्या. पाणी चौथीच्या वर कधी गेलं नव्हतं.

आता माझं. पुलाच्या वरच्या अंगाला ते जे सखल कुरण होतं, वाकणांचं, ते सहा एकर मी घेतलं होतं. विकणाऱ्याला गरज होती आणि मला वेळ होता, त्यामुळे भाव मला हवा तसा झाला. पण घेतल्यावर कळलं की तिथे वर्षातले चार महिने चिखल. मी नानांना दाखवायला नेलं. कालव्याचा माणूस, त्याला कळणार.

नाना पहिल्याच दिवशी म्हणाले, "त्यात काय आहे? वाकणं काढून टाका. तीनशे फूट सरळ चर मारा, हे सगळं कोरडं होईल. पाणी उगाच इथे लोळत बसलंय."

माझ्या डोक्यात दिवा लागला. मी एक बिल्डर गाठला. तो म्हणाला, नदी सरळ करायची, कुरणात भराव टाकायचा आणि चाळीस घरं बांधायची. टाउनशिपच्या प्लॅनिंग बोर्डानं मंजुरी दिली की जमीन तो घेणार. दोन महिने मी त्याच्याशी घासाघीस केली आणि कागदावर सह्या झाल्या. आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा.

मधल्या काळात नाना रोज बघत होते.

त्यांना पुलावर गेज नाही याचं फार दुःख होतं. आपल्याकडे प्रत्येक पुलाच्या खांबावर पांढऱ्या पट्ट्यात काळे आकडे असतात, पाणी किती चढलं ते कळावं म्हणून. इथे नाही. एका रविवारी सकाळी माझा फोन वाजला. वृंदा होती. "काका, प्लीज लगेच ब्रिजवर या. नानांना पोलिसांनी थांबवलंय."

मी गेलो. नाना गुडघाभर पाण्यात, एका हातात ऑइलपेंटचा डबा. दगडी खांबावर पांढरा पट्टा आणि त्यावर ठसठशीत मराठी आकडे, एकपासून आठपर्यंत. वर एक तरुण पोलीस.

"सर, हे तुम्ही रंगवलंत?"

"येस."

"ही कुठल्या गँगची खूण आहे?"

"नंबर्स. फूट. युअर ब्रिज हॅज नो गेज. धिस इज नेग्लिजन्स."

"नाना, आर्ग्यू करू नका ना," वृंदा म्हणाली.

पोलीस म्हणाला, पुसून टाकावं लागेल. नाना म्हणाले, "ऑर्डर लेखी द्या." पोलीस म्हणाला, मी तोंडी सांगतोय ना. नाना म्हणाले, "छत्तीस वर्षं मी तोंडी ऑर्डर पाळली नाही. एकदाच पाळली, ती चुकीची होती. साहेबाला म्हणावं लेखी द्या." मी मध्ये पडलो, पोलिसाला कॉफी पाजली, म्हातारा माणूस आहे वगैरे सांगितलं. लेखी ऑर्डर कधी आली नाही. आकडे राहिले.

"इंग्रजी आकडे तरी काढायचेत, नाना," मी परतताना म्हणालो.

"माझी वही मराठीत. गेज इंग्रजीत काढून रोज भाषांतर करत बसू?"

तीन वर्षं हा माणूस रोज साडेसातला त्या आकड्यांपाशी होता. बर्फातसुद्धा. पाणी किती, रंग कसा, कुरणात कुठपर्यंत पसरलंय, किती तासांनी उतरलं. आणि पाण्याशिवाय जे दिसेल ते. बर्फ असतानाच चिखलातून जांभळट कोंब वर येतात, मोडले की कुजका वास मारणारे, तर नानांनी बोट घालून बघितलं आणि लिहिलं, "कोंबाभोवती बर्फ वितळलेलं. कोंब उबदार लागतो." मला वाटलं म्हातारपणाचे भास. नंतर वृंदानं लायब्ररीत बघितलं, तर ते खरं निघालं. राखी बगळा कुठे उभा राहतो, पाठीवर शेवाळ असलेलं मोठं कासव अंडी घालायला कुठल्या दिवशी रस्ता ओलांडतं, सगळं. एका एप्रिलमध्ये मला बळेच नेलं. वाकणातल्या उथळ पाण्यात वीतभर लांबीचे चंदेरी मासे प्रवाहाविरुद्ध चढत होते. समुद्रातून अंडी घालायला आलेले. मिसेस हॅडलींचे आजोबा म्हणे या माशांच्या पाट्या भरून न्यायचे, मग मासे येईनासे झाले, आणि चक्कीचा बंधारा ढासळल्यावर पुन्हा येऊ लागले. नानांनी माकडटोपी काढून हातात घेतली.

"एकोणीस," ते म्हणाले. "गेल्या वर्षी अकरा."

मी म्हटलं, "नाना, इथे चाळीस घरं होणार आहेत."

त्यांनी टोपी परत घातली आणि आकडा वहीत लिहिला. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

शहाऐंशीच्या वसंतात प्लॅनिंग बोर्डाची सुनावणी लागली. आदल्या दिवशी दुपारी नाना दुकानात आले, एकटे. वृंदाला न सांगता दोन बस बदलून आले होते.

"शेठ, उद्या मी तुमच्या विरुद्ध बोलणार आहे. आधी सांगून ठेवतो."

मी काउंटरवरून उठलोच. "तुम्हीच म्हणालात ना, सरळ चर मारा? माझ्या जमिनीवर उभं राहून म्हणालात."

"म्हणालो. न बघता म्हणालो. चूक झाली."

"तुमची चूक, आणि भोगायची मी?"

मी बरंच बोललो. दुकानात गिऱ्हाइकं होती, माझा आवाज मोठा आहे. फुकटची भाजी निवडणारा म्हातारा इथपर्यंत बोललो. नाना उभे होते, छत्रीवर दोन्ही हात ठेवून. माझं संपल्यावर त्यांनी सांगितलं.

अठ्ठावन्न-एकोणसाठच्या सुमारास त्यांनी एक ओढा सरळ केला होता. साहेबानं तोंडी सांगितलं, जमीन मोकळी होईल, वाकणं काढा. नानांनी काढली. काम इतकं सुबक झालं की साहेबानं इतर सेक्शनच्या लोकांना बघायला आणलं. पुढच्या पावसाळ्यात जे पाणी वाकणांत लोळत बसायचं ते सरळ खालच्या वस्तीत गेलं. चार घरांच्या भिंती गेल्या. एक म्हातारी गोठ्यातल्या म्हशीचा दोर सोडायला गेली ती परत आली नाही.

"चौकशीत मी सांगितलं, पाऊसच जास्त होता," नाना म्हणाले. "गेज नव्हतं, नोंद नव्हती. कोण खोटं पाडणार? सुटलो." मग म्हणाले, "मिसेस हॅडलींचं घर पुलाच्या खालच्या अंगाला पहिलं आहे."

मी म्हटलं, "जा इथून."

ते गेले. जाताना भेंडीच्या पेटीवरचा वार वाचला आणि मान हलवली.

सुनावणी शाळेच्या कॅफेटेरियात होती, संध्याकाळी सहाला. मी बिल्डरच्या वकिलाशेजारी बसलो होतो, सुटात. बिल्डरच्या इंजिनिअरनं नकाशे लावले आणि सांगितलं, पुलापाशी पाणी पाच फुटांवर जात नाही. एका उन्हाळ्यात तीनदा मोजलं होतं. कॅफेटेरियात सगळी कॉलनी, पहिल्या रांगेत मिसेस हॅडली, आणि भिंतीशी गुलाबी जॅकेट.

नाना उठले. "सर, आय हॅव थ्री इयर्स डेली रेकॉर्ड." चारही वह्या टेबलावर ठेवल्या. "सिक्स फीट अँड अबोव्ह, नाइन टाइम्स. एव्हरी टाइम, वॉटर वेंट इन द बेंड अँड सॅट देअर. नेक्स्ट डे इट वेंट होम स्लोली. इफ यू रिमूव्ह द बेंड, इट विल गो टू धिस लेडीज हाउस."

वकील वह्यांपाशी गेला. एक उघडली, उलटी धरली, सुलटी धरली, आणि बोर्डाकडे वळून हसला. "हे काय आहे? याला रेकॉर्ड म्हणायचं? या रेघोट्यांचा अर्थ फक्त हे गृहस्थच सांगणार, आणि आपण तो मानायचा? पुलावरही यांनी असलीच खरड काढून ठेवली आहे."

सभागृहात दोन-चार जण हसले. अध्यक्षांनी नानांना विचारलं, "तुमच्याशिवाय हे कोणी वाचू शकेल का? यात ज्याचा संबंध नाही असा कोणी?"

वृंदा मुलगी, तिचा उपयोग नव्हता. कॉलनीतली बाकीची मराठी मंडळी बुटांकडे बघू लागली, कारण माझ्या दुकानात सगळ्यांना यायचं होतं आणि बिल्डरशी वाकडं कोणालाच नको होतं. नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. हे मी ठामपणे सांगतो, कारण पुढे लोक म्हणाले की त्यांनी मला डोळ्यांनी विनवलं. त्या माणसानं कधी कोणाला विनवलं नाही.

वकील माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "झालं आपलं काम. चिकन स्क्रॅच."

कोंबडीनं पायानं ओरबाडल्यासारखं. मी त्या अक्षरांत शाळा शिकलो. माझ्या वडिलांनी मला लिहिलेलं शेवटचं पत्र त्याच अक्षरांत आहे. कसा कोण जाणे, पण मी उभा होतो.

"मी वाचतो," मी म्हणालो.

वकील म्हणाला, "तुम्ही जमीनमालक आहात."

"म्हणूनच. माझ्याइतका तोटा इथे कोणाचा आहे? मी यांच्या बाजूनं खोटं कशाला वाचीन?"

अध्यक्षांनी होकार दिला. मी वही घेतली. उघडलं ते पान, मार्च महिना. मी मराठीत वाचलं, मोठ्यांदा, आणि मग इंग्रजीत सांगितलं. सहा फूट दोन इंच. गढूळ. कुरणात पाणी तिसऱ्या सिकॅमोरच्या झाडापर्यंत. दुसऱ्या दिवशी साडेचार फूट. मिसेस हॅडली, पायरी दुसरी. पान उलटलं. वाचलं. कुठे एक आकडा खाली घेतला असता तर कोणाला कळणार होतं? नानांना कळलं असतं, आणि वृंदाला. नानांना तर मी डोळे मिटूनही फसवू शकलो नसतो. वकील मध्ये बोलू लागला तेव्हा मी त्याला म्हणालो, "थांबा, अजून तीन वह्या आहेत." पाऊण तास वाचलं. कॉलनीतली एक-दोन पोरं पुढे येऊन माझ्या खांद्यावरून बघू लागली. पहिल्या रांगेतून मिसेस हॅडली प्रत्येक पायरीला म्हणत होत्या, "बरोबर. तितकंच होतं."

बोर्डानं प्लॅन फेटाळला. वाकणांना हात लावायचा नाही, भराव टाकायचा नाही. बिल्डरनं आठवड्याच्या आत सौदा रद्द केला, कागदातच तशी सोय होती आणि ती मीच घासाघीस करताना मान्य केली होती. सहा एकर चिखल माझ्याकडे राहिला. तो अजून माझ्याकडे आहे.

नानांनी आभार मानले नाहीत. बाहेर पार्किंगमध्ये म्हणाले, "दुसऱ्या वहीत ऑगस्टचं एक पान सोडलंत."

"चिकटलं होतं."

"असू दे. त्या दिवशी कोरडंच होतं."

त्या वर्षी हिवाळ्याआधी ते कराडला धाकट्या मुलाकडे परत निघाले. टाउनशिपनं पुलाच्या दुसऱ्या खांबावर पत्र्याचं गेज ठोकलं होतं, इंग्रजी आकड्यांचं. एक अधिकारी नानांना म्हणाला, आता तुमचे पुसले तर चालतील का? नाना म्हणाले, "तुमचे तिकडे, माझे इकडे. पाणी दोन्हींना सारखंच लागतं. पुसायचे तर लेखी द्या."

विमानतळावर मी सोडायला गेलो, कारण वृंदाची गाडी बंद पडली होती आणि मला कोणी तरी विचारलं. वाटेत नानांनी गाडी पुलापाशी थांबवायला लावली. मी वर वृंदाबरोबर इंजिन चालू ठेवून बसलो, दर मिनिटाला घड्याळ बघत. खाली जाऊन पाहतो तर हा गृहस्थ प्रवासाच्या कपड्यांत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाण्यात उभा. आकड्यांवर नवा काळा रंग देत होता.

"नाना, विमान चुकेल."

"आठ राहिलाय."

आठ काढून झाला तसे वर आले. गाडीत रंगाचा वास. विमानतळाच्या दारात वृंदा रडायला लागली, नाना तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले, नखांत काळा रंग. मग माझ्याकडे वळून काखेतली वही माझ्या हातात दिली. पाचवी, वृंदानं इथेच विकत आणलेली. अर्धी कोरी.

"रोज जमणार नाही तुम्हाला. दुकान आहे. मंगळवारी आणि शनिवारी. साडेसात."

"मी तुमचा पाटकरी नाही, नाना," मी म्हणालो. कालव्याचं पाणी सोडणाऱ्या माणसाला ते पाटकरी म्हणत. "तुम्ही माझं वाटोळं केलंत. मी तुमच्यासाठी काही करणार नाही."

"बघून लिहा," ते म्हणाले. "अंदाजानं लिहू नका."

आणि आत गेले. गुलाबी जॅकेट, काखेत छत्री, पँटचा एक पाय अजून दुमडलेला. मागे वळून बघितलं नाही. त्यांची पत्रं यायची, चार ओळींची, पहिल्या ओळीत पाणी किती आहे हा प्रश्न. मग एक वर्षी वृंदाचा फोन आला.

पण ते नंतर. विमानतळावरून आल्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी सकाळी सव्वासातलाच मी पुलाखाली होतो. चिडलेलाच होतो. रंग वाळला होता. दोन फूट चार इंच. स्वच्छ.